शेजारचं टेबल

नववर्ष आठवड्यावर आलं होतं. तैवानमधल्या ताइनान शहराच्या बाजारात दारावर लावायच्या लाल कागदांवर शुभाक्षरं लिहून देणाऱ्या बापलेकीची टेबलं शेजारीशेजारी होती. बाबांपुढे रांग होती. वर्षभर हॉटेलांच्या पाट्या रंगवणाऱ्या श्यू-मेईच्या पुढ्यात नुसती शाई वाळत होती. रांगेतल्या दोघीजणी बोलत होत्या.

"अगं, लेकीकडे जा की. तिथे चिटपाखरू नाही."

"तिचं अक्षर नटवं. दाराला लावलं तर दारच लाजेल."

"हळू! ऐकेल ती."

"ऐकू दे. म्हाताऱ्याचं बघ, घरातलं माणूस हसल्यासारखं वाटतं."

"बाई, पोरीचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे," बाबा मान वर न करता म्हणाले.

"बाप आहात, म्हणणारच!"

"माझी वकिली नको, बाबा," श्यू-मेई म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्या रात्री झोपलेले बाबा सकाळी उठलेच नाहीत.

पुढचं नववर्ष आलं. दुखवट्याचं वर्ष म्हणून तिच्या स्वतःच्या दाराला लाल कागद नव्हता. बाजारात आता एकच टेबल होतं, आणि रांग तिच्यापुढे होती. त्याच दोघी होत्या.

"म्हाताऱ्याची रांग हिला मिळाली म्हणायची."

"खरं सांगू? हिचं अक्षर बापाहून सरस आहे."

"गेल्या वर्षी नटवं म्हणत होतीस!"

"गेल्या वर्षी म्हातारा होता ना."

हे ऐकायला श्यू-मेई किती वर्षं कान टवकारून बसली होती. तिने कुंचला खाली ठेवला.

"नाही, मावशी. अक्षर बाबांचंच चांगलं होतं. मी जळायचे त्यांच्यावर."