येऊ दे, येऊ दे

कॅरॅव्हॅनच्या तळावर पाण्याच्या नळाला रांग होती. माझ्या पुढे उतारवयातली दोघं बहीणभाऊ, हातात रिकामे कॅन.

"दादा, आज दिवसभरात आपण नक्की काय पाहिलं?"

"खाडी पाहिली की."

"पुलावरून, गाडी न थांबवता! आणि डोह? या उकाड्यात जरा पाय बुडवावेत म्हणून आले होते मी."

"वाट अरुंद होती. आत शिरलो असतो तर रिव्हर्स घेत बाहेर यावं लागलं असतं."

"आणि समुद्रावर गाडी लावलीस कुठे, तर हमरस्त्याला. वाळू तुडवून पायाचे तुकडे पडले माझ्या."

"तिथून सरळ निघता येतं."

"तीस वर्षं गाडीमागे ओढतोयस हे कॅरॅव्हॅनचं धूड. वहिनी होती तेव्हा बोटभर फटीत बसवायचास."

"तीच बसवायची. मागे उभी राहून ओरडायची, 'येऊ दे, येऊ दे.' मी नुसतं स्टिअरिंग फिरवायचो."

"तिला जाऊन वर्ष झालं, दादा. उद्या मी राहते मागे उभी. एवढं ओरडता मलाही येतं."

"येईल गं."

"मग अडलंय कुठे?"

"आरशात तू दिसशील."