गुहेपाशी भरती

समुद्राचा विषय तुम्हीच काढला म्हणून सांगतो. माह्या मोठ्या भावाची, दादाची नजर कमी होत चाललती. डोळे जायच्या आधी त्याले पांडवांनी कोरलेली समुद्रातली गुहा पाहाची होती. राळेगावहून कोकणात नेलं. किनाऱ्यानं, मंग जंगलातून चालत पोहोचलो, तं गुहेत पाणीच पाणी!

तिथली कोळीण म्हणाली, "भरती आहे. संध्याकाळी या."

आपल्याले भरती काय माहीत? परतीची गाडी दुपारचीच होती.

पुढच्या वर्षी ओहोटी विचारून गेलो. तवरिक दादाले दिसणं बंद झालतं. हात धरून आत नेलं.

"कशी हाय रे?"

"मोठी हाय, दादा."

"आन्?" भिंतीवर हात फिरवत त्यानं विचारलं.

मी त्याचा हात धरून पांडवांच्या छिन्नीच्या खुणांवर ठेवला.