रुसूबाई रुसली, आणि भोंगा वाजलाच नाही

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारते, उत्तर मनातल्या मनात द्या – पण खरं द्या! रोज उठून कटकट करणारं जे माणूस असतं ना, त्याचे उपकार मानावेत, की त्याला गप्प बसवावं?

हसताय! आमचे पेटीवाले अनंतराव तर मान खाली घालून हसताहेत. म्हणजे यांच्या घरी आहे कुणीतरी!

तर समुद्रकाठच्या एका जिल्ह्यात हृदयरोगाचं धर्मादाय रुग्णालय. खेड्यापाड्यातल्या आरोग्यकेंद्रांतून छातीचे आलेख तिथं यायचे – तुम्ही ईसीजी म्हणता तो. इथले मोठे डॉक्टर बघणार आणि लगेच कळवणार – हे पित्त, हे हृदय! हा सगळा कारभार एका थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर. आणि त्या खोलीत बसायच्या शालनताई मोरजकर. कायम शाल पांघरून. बाहेर घामाच्या धारा, आणि ताई शालीत!

ताईंच्या हाताखाली एक पहारेकरी. माणूस नव्हे हो, सॉफ्टवेअर! सर्व्हरवर तेवीस सेवा, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रॅम; दर मिनिटाला त्या तेवीस दारांवर टकटक. "आलेख घेणारी, आहेस का?" – "आहे!" पडद्यावर हिरवा ठिपका. "औषधांची यादी ठेवणारी, आहेस का?" – "आहे!" हिरवा. आणि उत्तर नाही आलं तर? लाल! आणि असा भोंगा, की हातातला चहा सांडावा! नुसता दिवा पेटलाय, पंखा फिरतोय, एवढ्यावर तो भुलत नसे. कामाला जागी आहेस का, ते सांग! आपल्यालाही असं दर मिनिटाला कुणी विचारलं तर? – नको, तो विषय नको.

पण ताईंची खोड पुढेच आहे. त्यांनी एक चोविसावी सेवा तयार केली होती. काम काय? काही नाही! रोज सकाळी दहाला बंद पडायचं, एवढंच. नाव ठेवलं – रुसूबाई! दहा वाजले की ताई तिला स्वतःच्या हातानं बंद पाडायच्या. मिनिटभरात भोंगा! मग म्हणायच्या, "हं, पहारेकरी जागा आहे." आणि रुसूबाईला पुन्हा उठवायच्या.

साहेब होते देवस्थळी. ते करवादायचे, "अहो ताई, चालतंय ते पाडता कशाला?"

"साहेब, ओरडणारा ओरडू शकतो का, ते एकदा बघायला नको?"

एके दिवशी ट्रस्टची पाहुणेमंडळी यायची होती. साहेब दारातच – "ताई, आज तुमची रुसूबाई नको हं! आजच्या दिवस!"

ताई म्हणाल्या, "कुठला दिवस सोडलेला चालेल, ते मला आधी कळत असतं तर सोडला असता हो." आणि पाडली!

एक मिनिट. दोन मिनिटं. भोंगा नाही!

साहेब खूश! "बघा, कसं शांत वाटतंय!" पडद्यावर चोवीसच्या चोवीस हिरवे. आणि ताईंचा चेहरा? पांढराफटक! रुसूबाई तर पडली आहे – मग ती हिरवी कशी?

मंडळी, पहारेकरी उभ्या उभ्या गेला होता! सकाळी नऊला वीज क्षणभर गेली नि आली, तेव्हापासून पडदा जागच्या जागी थिजलेला. तासाभरापूर्वीचं हिरवं, ते आत्ताचं म्हणून मिरवत होता!

ताईंनी शाल फेकली. आता एकेक दार स्वतः ठोठावायचं. पहिलं कुठलं? जिथं कुणीतरी ताटकळत बसलेलं असेल, ते! आलेखांचं. "आहेस का?" उत्तर नाही! त्याच झटक्यात तीही निजली होती. ताईंनी उठवली – आणि अडकलेले चार आलेख धडाधड पडद्यावर!

तिकडे घाटाखालच्या केंद्रात दत्ताराम शिरोडकर, शिवणकाम करणारा माणूस, बाकड्यावरून उठत होता. "मॅडम, पित्तच आहे. अर्धा तास झाला, काही असतं तर कळवलं नसतं का? जातो मी, एसटी चुकेल." डॉक्टर मुजावरबाई त्याची बाही धरून, "दादा, पाचच मिनिटं." त्यांच्या फोनवर 'आलेख पोचला' असंच दिसत होतं हो! सर्व्हरच्या दारात पोचला होता, मोठ्या डॉक्टरांपुढे नव्हता!

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला – याला एक पाऊल चालू देऊ नका! हृदयविकाराचा झटका! औषध द्या, रुग्णवाहिकेत घाला!

माणूस वाचला. पंधरा दिवसांनी घरी जाताना त्याची बायको सुगंधा रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडली. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, त्या थंड खोलीत जा." तिथं ताई म्हणाल्या, "माझे कसले आभार! रुसूबाईचे माना." सगळं ऐकल्यावर सुगंधानं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "कुठंय ती?"

देवस्थळी साहेब धावले! वाटलं, ओरडणार. म्हणाले, "वहिनी, पडद्याला नको, बोट उमटेल – इथं कडेला लावा." आणि स्वतःच जागा पुसून दिली!

आता तुमच्याकडे वळते. "पोचलास का? जेवलास का? गोळी घेतलीस का?" – हे विचारून विचारून डोकं खाणारं कुणीतरी तुम्हाला आहे. त्या आवाजाला आज हात जोडा. तो येतोय, हे भाग्य आहे! पण ज्यांच्याकडचा तो आवाज हल्ली थांबलाय – चार दिवस फोन नाही, टोमणा नाही – आणि "चला, निवांत झालं" म्हणून जे खूश आहेत, त्यांनी आरतीला थांबू नका. मंडपाबाहेर जा, आणि आधी विचारून या – "आहेस ना गं?"

जा. कापूर मी अजून पेटवलेला नाही.