मंदाची मोठ्या आवाजातली उजळणी

हसू नका, पण दिल्लीत शिकून पनवेलला परतले तेव्हा घोकंपट्टी कायमची बंद करायची, असं मी ठरवूनच आले होते. जवळच्याच रोडपाली गावात दहावीचा फुकट क्लास काढला. माझा नियम एकच होता : पुस्तक मिटायचं आणि धडा कुणाला तरी समजावून सांगायचा.

क्लासमधली मंदा प्रिलिमला इतिहासात नापास झाली होती. बोर्डात नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. तिने समजावून सांगायला निवडली आजी, आणि आजीला ऐकू यायचं कमी. त्यामुळे रोज संध्याकाळी अख्ख्या आळीत दुसरं महायुद्ध पेटायचं!

मंदा चांगल्या मार्कांनी पास झाली. दुसऱ्याच दिवशी तिच्या शेजारची सून माझ्या दारात. मी आधीच माफी मागितली, "फार त्रास झाला ना तुम्हाला?"

"त्रास कसला बाई! दहावीला नापास झाले नि माझं लगीन लावलं. आता मना परत परीक्षेला बसायचं हाय."

"अहो, पण अभ्यास?"

"इतिहास झालाय माझा, भांडी घासता घासता. आता मंदाला सांगा, म्हातारीला गणित शिकव."