केमिस्ट्रीत सी

इरावती : मी गाडीतून परत उतरणार नाही, बाबा. तुम्ही जा.

पद्माकर : असं काय करतेस? आरती झाली, मंडळाचा गुणगौरव सुरू झालाय. आई पहिल्या रांगेत बसलीय तुझ्यासाठी.

इरावती : पण माझा नाव कोणी दिला? मला जीसीएसईला केमिस्ट्रीत सी आलाय. आणि गिरीशकाकांची नीनाकाकू आत्ता हॉलच्या दारात मला मिठी मारून म्हणाली, ए-स्टार, वेल डन! हू टोल्ड हर?

पद्माकर : हळू बोल जरा.

इरावती : बाबा, हू टोल्ड हर?

पद्माकर : मी. गिरीशचा फोन आला होता, मंडळाच्या यादीसाठी मुलांचे ग्रेड्स विचारायला. तोंडातून निघून गेलं.

इरावती : ए-स्टार असा निघून जातो?

पद्माकर : अगं, अतुलच्या मुलाचं कौतुक करत सुटला होता तो. आणि कॉव्हेंट्रीतली निम्मी मराठी माणसं माझ्याच हॉस्पिटलमध्ये आहेत. कॅन्टीनमध्ये रोज कुणीतरी विचारतं. काय सांगू, डॉक्टरच्या मुलीला सी? मंडळात पुरावा कोण मागतं? ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं.

इरावती : मग आता मी स्टेजवर जाऊन तुमचा लाय, तो खोटा ए-स्टार, हातात घेऊ?

पद्माकर : एकदाच. नारळ घे, ट्रॉफी घे, नमस्कार कर आणि खाली ये. केमिस्ट्री आपण पुन्हा देऊ. मग खरंच होईल ते. मेडिसिनचंही अजून काही बिघडलेलं नाही.

इरावती : रिझल्ट आला तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. 'इरा जेवली का' हे पण आईला विचारता, मी समोर असते तरी. आणि बाहेर माझ्या नावाची दुसरी मुलगी बनवली. तिचे लाड करता.

पद्माकर : काहीतरीच बोलू नकोस.

इरावती : खूप वाईट वाटलं मला, बाबा.

पद्माकर : मलाही वाटलं. वर्षभर अभ्यास करताना बघितलं होतं गं तुला. सी कसा आला, तेच कळेना.

इरावती : नाही आला.

पद्माकर : काय?

इरावती : ए-स्टारच आलाय. बायॉलॉजीला पण. तुम्ही वॉर्डमधून फोन केला, मी सी बोलली.

पद्माकर : ए-स्टार? खरंच? अगं वेडे! म्हणजे मी खोटं बोललोच नाही! चल, उतर, आईला आधी...

इरावती : आरशात बघा.

पद्माकर : काय झालं?

इरावती : हा चेहरा मी इतके दिवस बघितला नाही. सीवाल्या मुलीला नाही मिळत तो.

पद्माकर : पण चांगला ग्रेड कुणी लपवतं का? ए सांगितला असतास, तर मी रिझल्टची स्लिप बघायला मागितली असती. सी म्हणालीस, म्हणून नाही मागितली. सी कोण खोटा सांगेल?

इरावती : माहिती होतं मला. ए-स्टार म्हणजे मेडिसिन, मला काय करायचंय ते तुम्ही विचारलंच नसतं. आता सिक्स्थ फॉर्मला, पुढच्या दोन वर्षांना, जॉग्रफी घेतली, हिस्टरी घेतली. तुम्ही विषयांचा कागद वाचला पण नाही, सही केली.

पद्माकर : अजून बदलता येतील विषय. उद्या सकाळी शाळेत फोन करतो, केमिस्ट्री, बायॉलॉजी...

इरावती : बघा. आत्ता पण विचारलं नाही तुम्ही.

(गाडीच्या काचेवर टकटक.)

गिरीश : अहो डॉक्टर, बापलेक इथे काय करताय? पुढचं नाव इराचं! केमिस्ट्री ए-स्टार! भावी डॉक्टर म्हणून अशी अनाउन्समेंट करतो, की हॉल दणाणला पाहिजे!

पद्माकर : नाव काढून टाक, गिरीश.

गिरीश : अहो, असं का?

पद्माकर : मी चुकीचं सांगितलं तुला. सी आहे.

इरावती : बाबा...

पद्माकर : सी. तिनं मला तेच सांगितलं होतं. ए-स्टार मी म्हणालो.

गिरीश : अरेरे. बरं बरं, असू दे. होतं असं. मग... मेडिसिनचं काय आता?

पद्माकर : ती जॉग्रफी करतेय.

गिरीश : जॉग्रफी? त्यात पुढे काय असतं?

पद्माकर : मला ठाऊक नाही. तिला विचार. मीही ऐकतो.