सुपडूआप्पांचं अंगण आणि विकतचं गवत

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो. पुढच्यांना विचारतो, म्हणजे मागच्यांना निवांत डुलकी काढता येईल. सांगा — तण कशाला म्हणायचं?

बोला, बोला! शेतकरी आहात सगळे! — काय म्हणालात काका? नको तिथं उगवतं ते तण? वा! काकांना एक नारळ द्या. पण कीर्तन संपल्यावर द्या, नाहीतर आत्ताच घेऊन घरी जातील!

नको तिथं उगवतं ते तण. बरोबर. पण नको कुणाला हो? जमिनीला नको असतं? पावसाला नको असतं? 'नको' म्हणणारे आपण! आणि आज जे नको झालं, ते कायमचंच नको, हे आपण कशावरून ठरवतो? हाच आजचा प्रश्न. उत्तर मी नाही देणार. उत्तर एका म्हातारीनं दिलंय, तिच्याकडूनच ऐका.

रावेरकडच्या एका गावात सुपडूआप्पा भंगाळे नावाचे शेतकरी. केळीची बाग. आणि बाग कशी? आरशासारखी! तणाचं एक पातं दिसायचं नाही. आप्पांचं सगळ्यात मोठं वैर कुणाशी? भावाशी? नाही! बांधावरच्या शेजाऱ्याशी? तेही होतं थोडं — कुणाचं नसतं? पण खरं वैर हरळीशी! तुम्हाला ठाऊक आहे ती. वरून कापा, खालून फुटते. खणून काढा, एक कांडी राहिली की पुन्हा हजर! आप्पा खुरपं घेऊन तिच्या मागे, आणि आप्पांच्या शेजारच्या ओळीत त्यांची बायको कौतिकाबाई. उन्हातान्हात दोघं मिळून हरळी उपटायची. आप्पांचं एकच म्हणणं — "जे कामाचं नाही ते मुळासकट काढायचं!"

पुढे वय झालं. शेती वाट्यानं दिली, आणि दोघं भुसावळला राहायला आली. भुसावळ म्हणजे... आता इथं भुसावळचे पाहुणे बसलेत, मी काही बोलत नाही. पण उन्हाळ्यात तिथं सूर्य मुक्कामाला असतो एवढं नक्की! घर छोटं, पुढे अंगण, अंगणात गुळगुळीत फरशी.

आणि एक दिवस कौतिकाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला. पण डावा पाय गेला, जीभ जड झाली. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती म्हणाली, "आप्पा, पायात जीव येतोय. रोज चालवा त्यांना, चालतील." चालवलं! पण त्या फरशीवर पाय सटकला आणि बाई पडल्या. चांगलंच लागलं. त्या दिवसापासून खाटेवर बसल्या त्या बसल्या. उठायचं नाव नाही. तीच फरशी दुपारी तव्यासारखी तापायची, तिच्याकडे नजर गेली की बाई तोंड फिरवायच्या.

तशात नाशिकहून मुलाचा फोन आला, आप्पांनी स्पीकरवर लावला. मुलगा वाईट नाही हो! काळजीनंच म्हणाला, "बाबा, तुमच्यानं होणार नाही. इथं आजारी माणसांना सांभाळणारं एक सेवाकेंद्र आहे. आईला तिथं ठेवू." आप्पा थकलेले होते. म्हणाले — "बघू."

एवढंच! "बघू." ओट्यावरच्या खाटेवर कौतिकाबाई होत्या. जीभ जड होती मंडळी, कान नाही! त्यांनी ते ऐकलं. आणि त्या दिवसापासून होतं नव्हतं ते बोलणंही बंद झालं.

आप्पांना वाटलं, ही पडण्याला घाबरली आहे. मग काय करावं? माणसानं अख्ख्या अंगणाची फरशी उखडली! खाली माती घातली, आणि गेले नर्सरीत. म्हणाले, "गवत द्या." तिथला पोरगा म्हणाला, "कोणतं देऊ?" आता बघा, शेतकऱ्याला गवत विकत घ्यायचंय! आप्पा म्हणाले, "ऊन सोसेल, पाणी कमी पिईल, रोज कापायला लागणार नाही, आणि बाईमाणूस वर पडलं तर लागू देणार नाही, असं द्या."

पण नजर गेली दुसरीकडेच! गालिच्यासारखं गुंडाळलेलं एक मऊ मऊ गवत होतं. नर्सरीवाला म्हणाला, "आप्पा, हे सावलीतलं आहे, लाडाचं आहे." आप्पा म्हणाले, "मग लाडाच्या माणसाला लाडाचंच नेतो!" नेलं. अंथरलं. काय शोभा आली! शेजारपाजारचे बघून गेले. आणि चैत्राचं ऊन पडलं... आप्पा सकाळी पाणी घालायचे, संध्याकाळी घालायचे. टाकीचं पाणी संपलं, स्वतःच्या अंघोळीचं घातलं. वैशाखात गालिच्याचं पायपुसणं झालं! पिवळं पडलं, मग गेलंच.

पुन्हा नर्सरी. या वेळी नर्सरीवाल्यानं एक पुडी दिली. "आप्पा, माझं ऐका. हे बर्म्युडा! खेळाच्या मैदानावर लावतात. कितीही ऊन पडू द्या, दाटच होतं. एकदा धरलं की हलत नाही." खोटं बोलला नाही बरं का तो!

आप्पांनी माती भुसभुशीत केली. बी पेरलं. कवळे कोंब निघाले, तर वाकून वाकून पाणी! चिमण्यांना हाकलायला स्वतः बसायचे. कोंब जमिनीवर पसरायला लागले, अंगण हिरवं व्हायला लागलं. आणि एका सकाळी चष्मा पुसून आप्पांनी एक धागा उचलला. बघितलं. कांडी बघितली. कांडीला फुटलेली मुळी बघितली. आणि ओरडले —

"अगं आई गं! ही तर हरळी!"

हसा, हसा! जन्मभर जिचं तोंड बघवलं नाही, तिची पैसे मोजून पेरणी केली! साहेबी नाव घेऊन आली आणि दारातच बसली! आप्पांचं डोकं फिरलं. आत गेले, जुनं खुरपं शोधून आणलं, फतकल मारून बसले आणि कोपऱ्यातून सुरुवात केली — खस, खस, खस! हाताला सवय ना! एक कोपरा उघडा पडला. तोंडानं चालूच — "कामाची नाहीस! माझ्या दारात नको!"

आणि मंडळी, तेवढ्यात खांद्यावर एक हात पडला.

"राहू द्या हो ते."

आप्पांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अगं, हरळी आहे ही!"

"ठाऊक आहे. मी... केव्हाच ओळखली."

"मग बोलली का नाहीस?"

कौतिकाबाई एकेक शब्द गोळा करून बोलत होत्या. "जन्मभर उपटलीत. पहिल्यांदा... पाणी घालत होता. बघत बसावंसं वाटलं."

आप्पांचा हात थांबला.

"कामाची नाही म्हणून काढता ना? मग मला... कधी काढताय? त्या दिवशी फोनवर... 'बघू' म्हणालात."

खुरपं गळून पडलं! आप्पांना कळलं — ही नुसती पडण्याला घाबरून बसली नव्हती. आपण आता कुणाच्या कामाच्या नाही, मग उठायचं कशाला, म्हणून बसली होती. जन्माची सोबतीण! ज्या हातांनी आपल्या शेजारी बसून खुरपलं, त्या हातांना वाटत होतं की आता पाळी आपली. आप्पा रडले हो. हातांची माती तशीच, आणि त्याच हातांनी डोळे पुसत रडले.

आणि रडता रडता एकदम दचकले. "अगं — तू इथं आलीस कशी?"

बाईंनी खाली बघितलं. पाय उघडे. पायाखाली हरळी. ओटा लांब मागे, खाटेवरची चादर घसरलेली. चालत आल्या होत्या! कुणी चालवलं नाही, धरलं नाही. एका तणाला वाचवायला बाई चालत आल्या!

कळलं मात्र, तोल गेला आणि बाई पडल्या! आप्पा ओरडले. "लागलं का गं?"

कौतिकाबाईंनी हात चाचपला, पाय चाचपला. "नाही हो," म्हणाल्या. आणि हसल्या! आप्पाही तिथंच बाजूला बसले, आणि दोघं म्हातारी माणसं त्या हरळीत बसून हसत राहिली.

मग आप्पांनी नाशिकला फोन लावला. म्हणाले, "त्या दिवशी 'बघू' म्हणालो होतो ना? बघितलं. आई इथंच राहील." खुरपलेल्या कोपऱ्यात हरळी स्वतःच परत आली, तिला कोण अडवणार! रोज सकाळी आप्पांचा हात धरून कौतिकाबाई तिच्यावरून चालायच्या. पुढे हातही सुटला.

पुढच्या चतुर्थीला गल्लीतल्या बायका आल्या. "आप्पा, दूर्वा हव्यात पूजेला." हो, दूर्वाच! आपली तऱ्हाच अशी आहे — शेतात शिव्या द्यायच्या, आणि चतुर्थीला तीच देवाच्या डोक्यावर! आप्पा फाटकात उभे. म्हणाले, "घ्या ना. पण काठाकाठानं तोडा. मधली नाही मिळायची. मधली हिच्या पायांची आहे."

तुम्हाला काय वाटतं? देवाला राग आला असेल? काठावरची जुडी मिळाली म्हणून गणपती रुसला असेल? अहो, त्यानंच ती आधी बाईंच्या पायाखाली अंथरली होती!

आता माझा प्रश्न परत घ्या. तण कशाला म्हणायचं? काका, नारळ तुमचाच आहे, पण उत्तर घरी जाऊन शोधा. घरात कुणीतरी असेल — भिंतीकडेच्या खाटेवर, स्वयंपाकघराच्या दारात, फोनच्या दुसऱ्या टोकाला. "जेवलात का" तर आपण सगळेच विचारतो. आज तेवढ्यावर थांबू नका. जवळ बसा आणि त्यांच्याकडे काहीतरी मागा — "हे मला जमत नाही, तुम्ही सांगा ना." बघा काय होतं!

ताटात दूर्वा ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकानं एक उचला. देव्हाऱ्यात नका ठेवू, देवाकडे पुष्कळ आहेत. ज्या माणसाबद्दल तुम्ही मनात कधी "बघू" म्हणाला असाल, त्याच्या हातात द्या.