मुंगवड्यांचा सर्व्हे

...आणि हे बघा, आता पण माझे कान लाल झालेत, दिसतात की नाही तुम्हाला लाइव्हमध्ये? मागून आई म्हणते, "नाही दिसत, तू बोल." बोल म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, तोंड उघडावं लागू नये म्हणून तर मी ऑनलाइन गेलो होतो! आणि आता त्याच माणसाला रोज संध्याकाळी, फोन खिडकीच्या गजाला बांधून, तुमच्यासमोर बडबड करायला बसवतात, हा काय न्याय झाला? कशामुळे झालं हे? सर्व्हेमुळे! ग्राहकांच्या सर्व्हेमुळे! थांबा, सांगतो. धर्मेंद्रनं बजावलंय, लाइव्हमध्ये शुद्ध बोलायचं, पुण्याच्या ताया पण पाहतात. बोलतो शुद्ध. मधेच घसरलो तर सांभाळून घ्या.

तर मी संघपाल, नाकाडोंगरीचा, आणि मागे डाळ फेटून राहिली ती माझी आई, रत्नमालाबाई. मुंगवड्या तिच्या. मुगाची डाळ भिजवायची, वाटायची, लसूण-मिरची-जिरं घालायचं, इवल्या इवल्या वड्या कापडावर टाकून कडक उन्हात वाळवायच्या, आणि मग त्या रश्श्यात पडल्या की... जाऊ द्या, तोंडाला पाणी सुटलं की मला बोलता येत नाही. तसं कधीच येत नाही म्हणा. शाळा त्याच्यामुळेच सुटली. नववीत मास्तरांनी उभं केलं, "वाच." मी उभा राहिलो. अजूनही उभाच असतो, पण घंटा झाली म्हणून घरी आलो, आणि मग गेलोच नाही.

आता असा माणूस पोटाला काय करणार? आमच्या यादोराव मामाचं तुमसरला कापडाचं दुकान. मामा म्हणाला, "भाच्या, दुकानात ये. काम सोपं हाय. दारात उभं राहाचं अन् बायांले हाका माराच्या. या ताई, या मावशी, बसा, पाहाले पैसे लागत नाही!" दारात! हाका! ते ऐकूनच मला ताप भरला, खरंच भरला, आईला विचारा. म्हणून तर आईच्या वड्यांचे व्हिडिओ टाकायला लागलो. वडी हातात धरायची, अशी फिरवायची, खाली ठेवायची. संपला व्हिडिओ. मोबाइलवर ऑर्डर यायची, मी अंगठा पाठवायचो. काय सुख होतं हो! ना ताई, ना मावशी, नुसता अंगठा!

पण सुखाला नजर लागली. ऑर्डरी कमी झाल्या. आईच्या वड्या डब्यात तशाच पडून राहायला लागल्या, आणि मामाचा फोन, "लग्नसराईच्या आत ऑर्डरी वाढल्या त ठीक. नाही त दुकानाचं दार तुहं."

गेलो धर्मेंद्रकडे. हा माझा मित्र, तुमसरला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, आणि प्रत्येक गोष्टीत त्याला काहीतरी माहीत असतं. म्हणे, "तू आंधळ्यासारखी जाहिरात करून राहिला बे! पह्यले ग्राहकाले विचार. जाहिरात कुठं पाहता, काय आवडलं, काय नाही आवडलं, काय सुधाराचं? मोठे मोठे ब्रँड काय करते? सर्व्हे करते!" मी विचारलं, बोलावं लागेल का? म्हणे, "नाही. फॉर्म पाठव." मग काय, पाठवला फॉर्म!

आणि उत्तरं आली हो, भराभर आली! सगळ्यांनी पाचपैकी पाच स्टार दिलेले. वड्या कशा वाटल्या? बरं आहे. जाहिरात कशी वाटली? बरं आहे. काय सुधारावं? बरं आहे. आता तुमच्यातले बरेच तर आमच्याकडचेच. आमच्याकडे "बरं आहे"चा अर्थ काय? जावई कसा आहे, बरं आहे. ताप कसा आहे, बरं आहे. छत उडालं म्हणे वादळात? हो, बरं आहे! यावरून कोणता ब्रँड काय सुधारणार? एकानं तर फॉर्मला आधार कार्डाचा फोटो जोडून पाठवला. मी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

धर्मेंद्र म्हणाला, "आता घरोघरी जाऊन विचार. समोर बसून विचारलं का मानूस खरं बोलते." घरोघरी! अरे, तोंड उघडावं लागू नये म्हणून तर मी ऑनलाइन गेलो होतो! पण डोळ्यांसमोर मामाचं दार. शेवटी धर्मेंद्रनंच तयारी करून दिली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागद लावायची पाटी, आणि गळ्यात कार्ड, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत "सर्वेक्षण". म्हणे, "कार्ड पाहून लोकंच बोलतीन, तुले बोलाचं कामच नाही." आणि बोलले ना लोक! असे बोलले!

शेजारच्या चिखला गावी गेलो, कारण जास्त ऑर्डरी तिथल्याच. पहिल्या घरासमोर उभा राहिलो, घसा साफ केला... तेवढ्यात आतून आवाज आला, "अवो, घरकुलवाले आले! घरकुलाचा सर्व्हे आला!" आणि जी पळापळ सुटली! टीव्हीवर लुगडं पडलं. मोटरसायकल गोठ्यात गेली, वरून भाताची तनस पडली. मी पाटी घेऊन उभा. घरच्या पार्वताबाई दारात आल्या, पदर सारखा केला, चेहरा पाडला. म्हणाल्या, "इच्यारा साहेब."

साहेब! मला! मी कागदात तोंड घालून वाचलं, मुंगवड्या महिन्यातून किती वेळा मागवता?

"मुंगवड्या? आमी कायच्या मुंगवड्या खातो जी? मिठासंगं भात खाऊन राहिलो!"

आणि आतून रश्श्याचा वास! माझ्या आईच्या वड्यांचा! आईचा लसूण मी झोपेत ओळखतो हो! पण बोलणार कोण? पुढचा प्रश्न, मोबाइलवर आमची जाहिरात पाहता का?

"मोबाइलच नाही घरात." आणि त्यांच्या कमरेचा मोबाइल वाजला. पार्वताबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही विंचूच चढला. "हा? हा त शेजारनीचा हाय!" लगेच भिंतीवरून शेजारीण ओरडली, "माह्या कायचा? माह्या घरी त लाइटबी नाही!" आणि तिच्या मागे पंखा गरगर फिरून राहिला!

तिसऱ्या घराला पोहोचेपर्यंत माझ्यामागे जत्रा. कोणाच्या हातात रेशनकार्ड, कोणाच्या हातात आधारची झेरॉक्स. एकानं हाताला धरून छप्पर दाखवलं. मारोतराव म्हणून एक म्हातारबा, त्यांनी मला घरामागे नेलं, भिंतीला ही एवढी फट. "लिहून घ्या साहेब." आता नाही कसं म्हणू? नाही म्हणायला पण तोंडच लागतं! लिहून घेतलं. तुम्हाला सांगतो, तो कागद अजून माझ्याकडे आहे. जाहिरातीत काय सुधारावं? उत्तर... मागची भिंत.

इथपर्यंत ठीक होतं, मी हळूच सटकणार होतो. पण मारोतरावांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, पावसाच्या पह्यले होईन ना जी?" आणि तुम्हाला काय सांगू... तो माणूस माझ्या आज्याच्या वयाचा, आणि हात कोणापुढे जोडतो? मुंगवड्यावाल्यापुढे! नववीपासून अडकलेलं सगळं वर आलं, मी ओट्यावर चढलो आणि ओरडलो, "मी सरकारी मानूस नाही! मी नाकाडोंगरीच्या रत्नमालाबाईचा पोरगा आहो! मी मुंगवड्यावाला आहो! मले फक्त एवढंच सांगा, वड्या कशा लागल्या!"

मला वाटलं, आता मार पडतो.

आणि पार्वताबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो माय! हा त तो मुका पोट्टा!"

मुका! ऐकलं का? माझे ते व्हिडिओ पाहून अख्ख्या गावाला वाटलं, लेकराला वाचाच नाही! "म्हनून त घेतल्या बाबू तुह्या वड्या. म्हनून त पाच तारे देल्ले. बिचाऱ्याले नाव कसं ठेवाचं?" मी म्हटलं, मावशी, मला बोलता येते. "येते?" म्हणाल्या, "मंग आता आयक!"

आणि मग झाला हो खरा सर्व्हे! मीठ जास्त. मिरची नावालाच. वडी एवढी मोठी कायले, रस्सा आत जात नाही. पाकिटावर तुह्या मायचं नाव काहून नाही? कोणाच्या हातचं खाऊन राहिलो ते त समजू दे! मी लिहितोय, लिहितोय, हात दुखला, आणि सगळा गाव हसून राहिला, आणि काय सांगू, मी पण हसून राहिलो! पार्वताबाईंच्या टीव्हीवरचं लुगडं निघालं, मला आत बसवून त्याच वड्यांचा रस्सा वाढला. मीठ खरंच जास्त होतं हो! मारोतरावांना म्हटलं, आजोबा, भिंतीचा अर्ज मी लिहून देतो ग्रामपंचायतीत. अर्जाला कुठं बोलावं लागते? दिला लिहून. बघू.

पण खरी गंमत पुढेच. मी ओट्यावर ओरडलो ना, ते पार्वताबाईंनी काढून ठेवलं होतं. कशात? त्या शेजारणीच्या मोबाइलमध्ये! दिला फिरवून! "मी सरकारी मानूस नाही" गोंदियापर्यंत गेलं, नागपूरपर्यंत गेलं, आणि ऑर्डरी अशा सुटल्या की आईनं डाळ वाटायला आणखी दोन बाया बोलावल्या. आता वडी लहान, मीठ बेतानं, पाकिटावर आईचं नाव. आणि आई म्हणाली, "लोकायले तुहं बोलनं पाह्यजे. रोज बोल." अरे, पण तोंड उघडावं लागू नये म्हणून तर मी ऑनलाइन गेलो होतो!

मामाच्या दारातून सुटलो, एवढं समाधान होतं. परवा मामाचा फोन, खूश! "भाच्या, दुकानाच्या दारात मोठा टीव्ही लावला. संध्याकाळी तुहं लाइव्ह चालू ठेवतो. बाया थांबते, हासते, अन् आत येते!" म्हणजे बघा... उभा राहिलोच की नाही शेवटी मी दारात? या ताई, या मावशी, बसा!

जाऊ द्या. आई खुणावून राहिली, वड्या दाखव म्हणते. ह्या बघा वड्या. आणि आता खाली लिहा, आजचं बोलणं कसं वाटलं, मोकळेपणानं लिहा, काय सुधारायचं तेही लिहा. मी मुका नाही, मला चालते. हं... आलं, आलं, पहिलंच आलं, पार्वताबाईंचं आहे. बघू, काय म्हणतात...

"बरं आहे."